घंटेला सुटणारी जीप

शेलूबाजारच्या चौफुलीवर वैजयंतीचं जेवढं कौतुक झालं, तेवढं त्या गावात कुणाच्या नव्या जावयाचंही झालं नसेल. मंगरूळपीरला जाणाऱ्या काळ्यापिवळ्या जीपा जिथे रांगेने उभ्या असतात, तिथे तिने पहिल्यांदा आपली गाडी आणून लावली, तेव्हा कुणी हार आणला, कुणी पेढे वाटले. किराणावाल्याने फोटो काढून मोबाइलवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आमच्या गावाची शान'. शेषराव नावाचे एक वजनदार शेतकरी आहेत, त्यांना भाषणाला निमित्त लागत नाही. ते हॉटेलच्या ओट्यावर चढून बोलले की, आज आपल्या गावात नारीशक्ती अवतरली. टाळ्या पडल्या. मग वैजयंतीचा नंबर लागला आणि जमलेल्या सगळ्या सवाऱ्यांना एकाच वेळी चहाची तलफ आली.

चहा संपेना. कुणाला तंबाखू मळायची होती, कुणाला पायताण दुरुस्त करायचं होतं. स्टँडचा नियम असा की, पुढची गाडी फारच वेळ रिकामी राहिली तर तिने मागे जायचं. वैजयंती हार गळ्यात घेऊन मागे गेली. पुढे पवनची जीप लागली तशी सगळ्यांची तलफ भागली, माणसं भराभर आत शिरली, दोघंतिघं मागे लोंबकळली आणि गाडी धूळ उडवत निघून गेली.

पहिला दिवस म्हणून तिने सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशीही तेच, आणि पुढच्या आठवड्यातही तेच. फरक एवढाच की, आता हार नव्हता.

जीप तिच्या नवऱ्याची, जगदेवची. त्याने ती या रस्त्यावर इतकी वर्षं चालवली की खड्डे त्याला नावानिशी ठाऊक होते. मग त्याच्या उजव्या डोळ्याला दिसेनासं झालं आणि लायसन पुन्हा निघालं नाही. गाडी विकायची बोलणी सुरू झाली तेव्हा वैजयंती म्हणाली, विकायची कशाला, मी चालवते. लग्नानंतर मोकळ्या वावरात त्यानेच तिला हौसेने शिकवलं होतं. पुढे ट्रॅक्टर तिच्याच हातात असायचा. वाशीमला जाऊन तिने परीक्षा दिली, बिल्ला काढला आणि तो साडीवर टाचून स्टँडवर आली.

स्टँडचे अध्यक्ष बदरुद्दीनभाई. स्वतःच्या दोन जीपा आहेत, पण त्यांचा खरा धंदा भांडणं मिटवण्याचा. ते जगदेवचे जुने दोस्त. त्यांनी वैजयंतीला सरळ सांगितलं होतं, "वयनी, मले तुमी बहिनीसारख्या. पन स्टँडवर जागा मोजकी. दिवाळी झाली की बैठक बसंन. तवा पाहू, लोकायचं मन काय म्हन्ते. मन असलं तं नंबर कायमचा तुमचा. नसलं तं हरीओमनं नवी गाडी घेतली हाय, तो लाइनीत हाय."

"लोकायचं मन कसं पायता तुमी?" तिने विचारलं.

"दिसते न् ते," बदरुद्दीनभाई म्हणाले.

दिसत होतंच. दोन्ही बाजूंनी दिसत होतं, हीच तर पंचाईत होती.

बदरुद्दीनभाईंची मुलगी उजमा अमरावतीला मानसशास्त्रात एम. ए. करत होती. तिच्या मॅडमनी सांगितलं होतं की, आपल्याच भागातला एखादा विषय घ्या आणि लोकांचा त्याबद्दलचा कल मोजून आणा. उजमाने विषय म्हणून वैजयंतीचीच जीप घेतली. वाक्य वाचून दाखवायचं आणि माणसाने पाचांतला एक जबाब द्यायचा : पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. ज्यांना हे जड जाईल त्यांच्यासाठी तिने हसऱ्यापासून रडक्यापर्यंत पाच तोंडं काढली होती. ऐन उन्हात डोक्यावर ओढणी घेऊन ती घरोघर फिरली आणि आठवडाभराने उड्या मारत वैजयंतीकडे आली.

"काकू, लोक तं तुमच्या बाजूनं हायत! 'बाईनं सवारी गाडी चालवण्यात काही वावगं नाही', याले जवळजवळ सगळे पूर्ण सहमत. हसरं तोंड, हसरं तोंड, हसरं तोंड."

वैजयंती रिकाम्या जीपच्या काचा पुसत होती. "मंग ते हसरे तोंडं बसतात कुठं? माह्या गाडीत तं एक नाई."

उजमा ओठ चावत म्हणाली, "एक गंमत झाली पन. मी एक उलटं वाक्य बी टाकलं होतं. 'सवारी गाडी चालवणं हे पुरुषाचंच काम आहे.' त्याले बी सगळे सहमत."

"दोनीले?"

"दोनीले. शेषरावमामा तं दोनीले पूर्ण सहमत. मी म्हटलं मामा, हे कसं? तं म्हन्ते, पोरी, तू एवढी उन्हाची दारात आली, तुले नाई कसं म्हनावं?"

यावर वैजयंतीला हसू आलं, आणि हसता हसता रागही आला. आमच्या भागाची ही खोड आहे. दारात आलेल्या माणसाला नाही म्हणणं म्हणजे त्याला पाणी न विचारण्यासारखं. पुढारी आला, हो म्हणायचं. त्याचा विरोधक आला, त्यालाही हो म्हणायचं आणि वर चहा पाजायचा. ही माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांनी उजमाच्या प्रश्नाला जबाब दिलाच नव्हता, त्यांनी उजमाचा पाहुणचार केला होता.

"तुह्या त्या पाच तोंडाहून माही सीट बरी," वैजयंती म्हणाली. "तिच्यावर एक तं बूड असते, नाई तं नसते."

पण हात बांधून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने स्टँडवरचा जुना डाव काढला. रिकाम्या जीपमध्ये पहिलं कुणी बसत नाही, हे प्रत्येक ड्रायव्हरला माहीत असतं. म्हणून आपलीच चारपाच माणसं सवारी असल्यागत आत बसवून ठेवायची. गाडी भरत आलेली दिसली की खऱ्या सवाऱ्या धावत येतात. त्या बसल्या की आपली माणसं एकेक करून गुपचूप उतरतात. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी मनावर घेत नाही. रांगेतली प्रत्येक जीप असंच करते.

वैजयंतीने माहेरच्या माणसांना सांगावा धाडला. आसेगावहून दोघं भाऊ, एक भावजय आणि चुलता आले. पाचवा म्हणून तिने जगदेवला सांगितलं. तो म्हणाला, कंबर भरली आहे. बरं म्हणून ती चौघांनाच घेऊन आली. त्यांना बसवलं, आणि डाव लागला! लग्नाला निघालेलं एक कुटुंब आलं, गाडी भरत आलेली पाहून आत शिरलं, मागोमाग आणखी दोघं. वैजयंतीने आरसा नीट केला.

मग ठरल्याप्रमाणे तिचा चुलता उतरला. त्याच्यामागे भाऊ उतरले, भावजय उतरली.

लग्नाला निघालेल्यांतली म्हातारी ओरडली, "अवं, हे काहून उतरून राह्यले सारे?" तिने वाकून पुढे पाहिलं, तेव्हा कुठे तिला स्टीअरिंगवरचा हिरवा पदर दिसला. "आगं माय! बाई चालवून राह्यली म्हनून उतरले वाटते ते! उतरा रे उतरा!"

पाखरांचा थवा उडावा तसे सगळे उतरले. हाच डाव हरीओमने केला असता तर त्या म्हातारीने ढुंकूनही पाहिलं नसतं. वैजयंतीची माणसं उतरली तर त्याला कारण होतं, आणि ते कारण स्टीअरिंगवर बसलं होतं. चौफुलीवर हशा पिकला. आसेगावचे भाऊ मान खाली घालून बसस्टॉपकडे गेले. तिला असं झालं की, आत्ताच्या आत्ता गाडी वावरात नेऊन उभी करावी आणि परत तोंड दाखवू नये.

ती घरी आली तेव्हा जगदेव अंगणात शेळीला पाला घालत होता. कंबर चांगली सरळ होती.

"तुमी आज बँकेच्या कामाले मंगरूयले गेलते न्?" ती म्हणाली. "कोन्या गाडीनं गेले?"

तो चाचरला. "त्या... पवनच्या गाडीत."

"माही गाडी समोर उभी असून?"

"तुहा नंबर नव्हता ना तवा."

"होता."

जगदेव पाल्याची काडी मोडत राहिला. मग म्हणाला, "वैजू, माहं मन तुह्या बाजूनं हाय. तुले शिकवली कोनं गाडी? पन लोकायसमोर बायकोच्या मागं बसाचं म्हनजे... मले कसंतरी होते."

तिला वाटलं होतं तिला राग येईल. राग नाही आला, वाईट वाटलं. या माणसाने रात्री बॅटरीच्या उजेडात तिला गिअर समजावून सांगितले होते, परीक्षेच्या दिवशी देवाला नारळ फोडला होता. तो खोटा नव्हता. पण त्याचं मन आणि त्याचं बूड हे दोन वेगळ्या गावचे रहिवासी होते. घरच्या माणसाचं हे असं, तर चौफुलीवरच्यांना काय बोल लावायचा?

"ऐका," ती म्हणाली. "मन माह्या बाजूनं हाय हे मले आजपासून कोनी सांगाचं नाई. तुमी बी नाई. मले मन नको. मले सवारी पायजे."

संध्याकाळी उजमा आली. झालेला प्रकार तिला वडिलांकडून कळला होता. ती ओट्यावर बसली आणि जरा भीतभीतच बोलली, "काकू, आमाले शिकवतात, की माणसाचं मन आधी बदलते आन् मंग वागणं बदलते, असं आपन समजतो. पन लय वेळा उलटं होते. कायतरी निमित्तानं माणूस आधी वागून बसते. मंग आपन असं काहून वागलो याचं कारण त्याचं मन धुंडते. ते सापडलं की तेच त्याचं मत."

"म्हनजे समजून सांगाचं नाई. आधी बसवाचं."

"पन बसवाचं कसं, ते नाही दिलं पुस्तकात."

"ते मी पायतो न्," वैजयंती म्हणाली. वऱ्हाडात बाई स्वतःबद्दल बोलताना 'पाहते' नाही, 'पायतो'च म्हणते.

दुसऱ्या दिवशी ती बदरुद्दीनभाईंपुढे जाऊन उभी राहिली. "भाई, मले रांगेत नंबर नको. मी रस्त्याच्या त्या बाजूले लावतो. शाळेची पहिली घंटा झाली का निघनार. भरली असो का रिकामी."

बदरुद्दीनभाईंनी चष्मा काढला. "रिकामी? डिझेल काय पानी हाय वयनी?"

"ते माहं मी पायतो."

शेजारी हरीओम होता. तो म्हणाला, "जाऊ द्या न् भाई. चांगलंच हाय." त्याला दिवाळीपर्यंत थांबायचीही गरज पडणार नाही, असं वाटलं असावं. मनाने वाईट नव्हता तो, पण नव्या गाडीचा वास त्याच्या नाकात गेला होता.

त्या सकाळी घंटा झाली, वैजयंतीने गाडी सुरू केली आणि आठ जणांच्या जागेत एकटी बसून मंगरूळपीरला गेली. दुसऱ्या दिवशीही एकटी गेली. लोक हसले. डिझेलचं म्हणाल तर त्याला तिने पोती शोधली. मंगरूळपीरच्या बियाणेवाल्याचा माल, शेलूच्या किराण्याचा माल, बेकरीच्या पेट्या. व्यापाऱ्याला माल वेळेवर मिळाल्याशी काम, आणि पोत्याला मत नसतं. ते कुणाच्याही मागे गुमान बसतं. सरकीच्या पोत्यांनी आणि टोस्टच्या पेट्यांनी तिचा खर्च भागू लागला.

एका सकाळी ती पोती चढवत होती, तेव्हा जगदेव आला. पुढच्या सीटवर एक पोतं तिरपं ठेवलं होतं. ते त्याने मांडीवर घेतलं आणि शेजारी बसला.

"पडन ते पोतं," तो समोर बघत म्हणाला. "धरून बसतो."

"बसा," ती म्हणाली. तिने गिअर टाकला आणि वळणावर नेहमीपेक्षा जरा जोरात वळवलं, तसं पोतं आणि नवरा दोघंही तिच्या अंगावर कलले. त्या दिवसापासून तो रोज एखादं पोतं धरायला येऊ लागला.

आता शेषरावांची गोष्ट. त्यांचा शेजारच्या वावरवाल्याशी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाद होता आणि तारखा मंगरूळपीरच्या तहसीलीत पडत. मागच्या तारखेला ते रांगेतल्या जीपमध्ये वेळेत बसले होते, पण जीप भरेना आणि भरल्याशिवाय सुटेना. ते पोचले तेव्हा साहेब उठून गेले होते आणि समोरचा माणूस दात काढत जिना उतरत होता. या तारखेलाही तेच झालं. रांगेतल्या जीपमध्ये ते आणि एक पाहुणा, दोघंच. तिसरा कुणी येण्याचं चिन्ह नाही. तिकडे शाळेची घंटा झाली आणि रस्त्यापलीकडे वैजयंतीचं इंजिन घुरघुरलं.

वैजयंतीने आरशात पाहिलं. शेषराव उतरले होते. दोन पावलं पुढे आले, थबकले. ओट्याकडे पाहिलं, कोण बघतं आहे का. मग दुपट्टा डोक्यावरून घेऊन तोंडाला गुंडाळला, नुसते डोळे उघडे ठेवले, आणि ते वजनदार गृहस्थ धोतर सावरत धावले. मागचं दार उघडून सरकीच्या दोन पोत्यांच्या मधे बसले.

"कोन व्हय?" वैजयंतीने मुद्दाम विचारलं.

"चाल न्!" दुपट्ट्यातून आवाज आला.

मंगरूळपीरला उतरल्यावर त्यांनी दुपट्टा सोडला, घाम पुसला आणि म्हणाले, "तशी मले काई घाई नोती, सूनबाई. तुही गाडी रिकामी दिसली म्हनून बसलो."

"उपकार झाले मामाजी."

पण दुपट्टा कितीही गुंडाळला तरी शेषरावांचं पोट अख्ख्या शेलूबाजारला ओळखू येतं. संध्याकाळी हॉटेलात त्यांना घेरलं. काय मामा, पदराच्या गाडीत? आता हे भाषण करणारे गृहस्थ, गप्प बसणं त्यांना कुठलं जमायला? घाई होती म्हणून बसलो हे सांगणं कमीपणाचं, म्हणून त्यांनी कारण धुंडलं. म्हणाले, "तिचा ब्रेक पाहा कसा हाय. जगदेवच्या गाडीत माहं डोकं टपाले लागे, हिच्या गाडीत पोटातलं पानी हालत नाई." पुढच्या तारखेला ते पुन्हा बसले, यावेळी तोंड उघडं. दुसऱ्याने छेडलं तर त्याला सांगितलं, "अरे, ते घंटेले सुटते. तुह्या पवनसारखी अर्धा दिवस तंबाखू नाई मळत." जितक्यांनी छेडलं तितक्यांना त्यांनी समजावलं. सगळ्यात जास्त कुणाला पटलं असेल तर ते त्यांनाच.

मग मात्र माणसं येऊ लागली. तलाठ्याकडे काम असलेला आला, दवाखान्यात वेळ घेतलेली सून आली, कॉलेजच्या पोरी आल्या. कुणी नारीशक्तीसाठी आलं नाही. सगळे घंटेसाठी आले. पोती हळूहळू टपावर गेली. पुढची सीट जगदेवला सोडावी लागली आणि तो मागे, दाराला लोंबकळत जाऊ लागला. वैजयंती रोज आरशात ती दाटीवाटी बघायची आणि तिला इतका आनंद व्हायचा की तो लपवायला ती उगाच कुणावर तरी खेकसायची, "पाय आत घ्या!"

दिवाळीनंतर उजमाच्या मॅडमनी सांगितलं, तेच प्रश्न त्याच लोकांना पुन्हा विचारा. उजमा मोठ्या उमेदीने फिरली. परत आली तेव्हा चेहरा उतरला होता.

"काकू, घसरलं सारं. तवा पूर्ण सहमत होते ते आता 'सांगता येत नाही' म्हन्तात. कोनी असहमत. शेषरावमामा तं पूर्ण असहमत!"

"माह्या गाडीत बसून?"

"मी तेच म्हटलं. म्हटलं मामा, तुमी तं रोज बाईच्या गाडीत बसता. तं मले म्हन्ते, मी कुठं बाईच्या गाडीत बसतो? मी वैजयंतीच्या गाडीत बसतो. बाकीच्या बायायनं घरीच राहावं."

वैजयंतीने कपाळाला हात लावला. उजमा रडकुंडीला आली होती. "आधी ते मले पाहुणी समजून हो म्हनत होते. आता खरं विचार करून सांगतात, आन् खरं हे असं हाय. उद्या बैठकीत अब्बा हेच मागतील मले. हरीओमभाऊनं त्यायच्या कानावर घातलं हाय. मी सांगू का, की पूर्न नाही झालं म्हनून?"

वैजयंतीच्या मनात आलं, एवढी मेहनत, एवढी पोती, आणि शेवटी गाडी अडणार ती या पाच तोंडांवर? खोटं सांग, असं म्हणणं अगदी जिभेवर आलं होतं. मग तिला पहिल्या दिवशीचा हार आठवला. खोट्या होकाराने तिचं काय भलं झालं होतं?

"जे हाय ते वाच," ती म्हणाली.

बैठक सकाळी, स्टँडमागच्या कडुनिंबाखाली बसली. सगळे ड्रायव्हर होते. वैजयंती एकटीच बाई, आणि उजमा वडिलांच्या मागे उभी. हरीओम उठला. त्याने आवाज चढवला नाही, त्यामुळेच त्याचं बोलणं झोंबलं.

"भाई, तुमीच म्हटलं होतं, लोकायचं मन पाहू. वैजयंतीबाईच्या गाडीत लोक बसतात, मी नाई म्हनत नाई. पन अडचन म्हनून बसतात. मनानं नाई. तुमच्याच पोरीनं मोजलं हाय. इचारा."

बदरुद्दीनभाई मुलीकडे वळले. "बता बेटा."

उजमाने वाचलं. पहिल्यांदा किती हो, आता किती नाही. तिने एकही आकडा गिळला नाही. कुणीतरी फिस्सकन हसलं. पवन म्हणाला, "लोक पहिले बरे होते मंग." जगदेव कुंपणाशी उभा होता, त्याने मान खाली घातली.

"वयनी?" बदरुद्दीनभाई म्हणाले. "तुमाले काय बोलाचं?"

वैजयंती उभी राहिली. "भाई, मन कसं असते ते मले नाई समजत. माह्या घरच्या मानसाचं मन पहिल्यापासून माह्या बाजूनं होतं, आन् तो पवनच्या गाडीत बसे. हे लोक आज नाई म्हन्तात..."

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. शाळेची घंटा झाली. ती थांबून पुरते दोन श्वास गेले नसतील, तोच रस्त्याकडून हॉर्न वाजला. लांबलचक. थांबला, पुन्हा वाजला. सगळ्यांनी माना वळवल्या. रस्त्यापलीकडे वैजयंतीची जीप उभी होती आणि ती भरली होती. मागे तिघं उभेसुद्धा होते. पुढच्या सीटवरून शेषराव स्टीअरिंगवर आडवे होऊन हॉर्न दाबत होते.

"ओ डायवर!" ते खिडकीतून मान काढून ओरडले. "डायवर! घंटा आयकू आली का नाई? माही तारीख हाय आज! बैठका करत बसाच्या असतीन तं तसं सांगा, आमी उतरतो! काय तमाशा लावला हा रोज रोज!"

"रोज रोज कुठं, आजच तं..." जगदेव पुटपुटला.

"उतरतो तं उतरा न् मामा!" हरीओम इकडून ओरडला. "माही गाडी हाय!"

शेषरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने त्यांच्या धुऱ्यावर नांगर घातला होता. "तुही गाडी कवा सुटंन? पोळ्याले?" आणि पुन्हा हॉर्न.

जीपमधलं एकही माणूस उतरलं नाही.

वैजयंती उभी होती तशीच राहिली. याच माणसाने तिला ओट्यावर चढून नारीशक्ती म्हटलं होतं. सूनबाई म्हटलं होतं. गावाने तिला ताई म्हटलं, शान म्हटलं, काय काय म्हटलं. ड्रायव्हर म्हणून तिच्यावर आजवर कुणी ओरडलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं, आणि ते पुसायला तिने पदर घेतला नाही, मनगटानेच पुसलं.

बदरुद्दीनभाईंनी चष्मा लावला. एकदा मुलीच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, एकदा रस्त्यापलीकडे. मग वैतागल्यासारखा हात झटकला, जसा ते कुठल्याही ड्रायव्हरपुढे झटकत.

"जा ना बाबा, उभी काय राह्यली? सवारी खोळंबली."

"आन् नंबर?" हरीओमने विचारलं.

"तुहा पाहू कुठं बसते ते," भाई म्हणाले.

वैजयंती रस्ता ओलांडून धावली. शेषराव अजून बडबडत होते, आणि मागच्या सीटवरून दवाखान्याची सून त्यांना साथ देत होती की, हे असं असेल तर आम्ही वेळ घ्यायची कशी. तिने दार उघडलं, शेषरावांचा हात हॉर्नवरून बाजूला सारला आणि किल्ली फिरवली.

"चुकलं मामाजी," ती म्हणाली. "पाय आत घ्या."